आतला नेक्स्टक्लाउड सर्व्हर बाकीच्यांना उघडत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात गावोगावच्या नाट्यमंडळी, वाचनालयं, उत्सव समित्या, शाळा, यांच्याकडे एखादा जुना डेस्कटॉप असतोच, आणि त्यावर नेक्स्टक्लाउड (आपल्याच मशीनवर चालणारं, गुगल ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर) टाकून संहिता, हिशेब, फोटो सगळं एका जागी ठेवायचं असं आता बरेच जण करतायत. चांगली गोष्ट आहे, करावीच. टाकणं एका दुपारचं काम आहे. अडतं ते त्याच्या पुढे, ज्याने टाकलं त्याच्या मशीनवर सगळं चालतं आणि बाकी कोणाला काही उघडत नाही, मग दोन दिवसांनी मंडळी परत व्हॉट्सअॅपवर फाइली फिरवायला लागतात. तसं होऊ नये म्हणून हे प्रश्न एकत्र केलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे आकडे, सेटिंगची नावं सगळं देवनागरीत लिहिलंय, पण टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यातच टाकायचं. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून १९२ असं टाकलं तर ब्राउझर त्याला पत्ता समजत नाही, सरळ गुगलवर शोधायला जातो.

‘आतला सर्व्हर’ म्हणजे नक्की काय?

तुमच्या राउटरच्या आत बसलेला, बाहेरच्या इंटरनेटवरून न दिसणारा. त्याचा पत्ता १९२.१६८ ने, १० ने, नाहीतर १७२.१६ ते १७२.३१ यातल्या कशाने तरी सुरू होतो. हे तीन पट्टे खाजगी नेटवर्कसाठी राखीव आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात ते दिलेत. त्यामुळे फोंड्यातल्या एका वाचनालयात आणि पेडण्यातल्या एका शाळेत दोन्हीकडे १९२.१६८.१.५० असू शकतो, भांडण होत नाही, कारण दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. आणि म्हणूनच तो पत्ता घरून टाकला तर उघडत नाही, ही बिघाडाची खूण नाही.

नेक्स्टक्लाउडच का, असंही विचारतात. २०१६ साली ओनक्लाउडमधून वेगळा झालेला हा प्रकल्प आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, माणशी पैसे द्यावे लागत नाहीत, आणि फाइली, कॅलेंडर, एकत्र लिहायची सोय सगळं एकाच खात्यात मिळतं. खाली जे सांगितलंय त्यातलं अर्धंअधिक दुसऱ्या कुठल्याही आतल्या वेब सर्व्हरलाही लागू पडतं.

माझ्या मशीनवर मस्त उघडतं, बाकी कोणालाच उघडत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी एक बघा, तुम्ही ग्रुपवर लिंक कुठली पाठवलीत. त्यात ‘लोकलहोस्ट’ किंवा १२७.०.०.१ असेल तर विषय तिथेच संपला, कारण तो पत्ता ज्याच्या हातात फोन आहे त्या फोनचा स्वतःचाच असतो, प्रत्येकाचा फोन स्वतःच्या आतच शोधत बसणार. सर्व्हरचा खरा नंबर, म्हणजे वर सांगितला तसा १९२.१६८ वगैरेने सुरू होणारा पत्ता, पाठवा.

तो पाठवूनही उघडत नसेल तर घाईघाईने दहा सेटिंग बदलू नका. समोरच्याला स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय त्याचा फोटो मागवा. ‘उघडत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही, पण एरर मेसेज बघितला की गाडी कुठे अडलीय ते जवळजवळ नक्की सांगता येतं, आणि माझ्या मते या सगळ्या पानातली सगळ्यात उपयोगी सवय हीच आहे.

चाक बराच वेळ फिरत राहतं आणि मग ‘टाइम्ड आउट’ येतं: मागणी सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये, किंवा पोचली तर फायरवॉल, म्हणजे आत येणाऱ्या मागण्या अडवणारा पहारेकरी, ती गुपचूप टाकून देतोय. एकतर फोन दुसऱ्याच नेटवर्कवर आहे, नाहीतर नंबर बदललाय, नाहीतर फायरवॉल.

क्षणात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं: बहुतेक वेळा याचा अर्थ मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबराच्या दरवाजावर, वेबसाठी ८० आणि ४४३) कोणी ऐकत नाहीये. वेब सर्व्हर बंद असेल, पोर्ट चुकीचा असेल, किंवा तो फक्त स्वतःपुरता ऐकत असेल. सर्व्हरवर ‘एसएस’ ही कमांड ‘-टीएलएनपी’ लावून चालवा, ८० आणि ४४३ च्या ओळी बघा. १२७.०.०.१:८० असं दिसलं तर तो स्वतःशीच बोलतोय, ०.०.०.०:८० किंवा ताऱ्याची खूण (*) आणि पुढे :८० असं दिसलं तर सगळ्यांसाठी उघडा आहे. अपाची या वेब सर्व्हरमध्ये ही गोष्ट ‘लिसन’ या ओळीत असते. डॉकरने (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं साधन) टाकलं असेल तर पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लावलंय का ते बघा, नेटवरच्या बऱ्याच नमुन्यांत ते तसंच लिहिलेलं असतं आणि लोक जसंच्या तसं उचलतात.

‘नाव सापडत नाही’ अशा अर्थाचा मेसेज: सर्व्हर ठीक असू शकतो, नावाचा नंबर होत नाहीये. खाली नावाचा प्रश्न आहे, तो वाचा.

आणि नेक्स्टक्लाउडचंच निळं पान येऊन त्यावर ‘अनट्रस्टेड डोमेन’ लिहून येतं: ही खरं तर चांगली बातमी. नेटवर्क, पोर्ट, फायरवॉल सगळं पार झालं, फक्त एक ओळ लिहायची राहिलीय.

पिंगवर जास्त भरवसा ठेवू नका बरं का. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग फेल म्हणजे सर्व्हर मेला असं होत नाही.

‘अनट्रस्टेड डोमेन’ची ओळ नेमकी कुठे आणि कशी लिहायची?

नेक्स्टक्लाउड ज्या पत्त्यावरून टाकताना उघडला तेवढाच पत्ता तो ओळखतो. दुसऱ्या कुठल्या नावाने किंवा नंबराने कोणी आलं की अडवतो. हे मुद्दाम केलेलं आहे, खोट्या होस्ट नावाने पासवर्ड बदलायच्या लिंका वगैरे बनवता येऊ नयेत म्हणून, तेव्हा ते बंद करायची वाट शोधू नका, यादीत आपला पत्ता घाला.

नेक्स्टक्लाउडच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘कॉन्फिग डॉट पीएचपी’ ही फाइल. त्यात ‘ट्रस्टेड डोमेन्स’ शोधा, त्याच्या खाली साधारण असं दिसेल:

० => 'लोकलहोस्ट',

त्याच्याखाली आपल्या ओळी घालायच्या:

१ => '१९२.१६८.१.५०',
२ => 'संहिता.होम.आर्पा',

दुसरी ओळ सर्व्हरला नाव दिलं असेल तरच, ते कसं द्यायचं ते खाली नावाच्या प्रश्नात आहे. लोक अडकतात ते तीन जागी. पुढे एचटीटीपी आणि दोन तिरक्या रेघा लावायच्या नाहीत, मागेही तिरकी रेघ नको, नुसता पत्ता. प्रत्येक ओळीला वेगळा आकडा, दोनदा १ लिहिलात तर नंतरचा आधीच्याला खाऊन टाकतो आणि ‘काल चालत होतं, आज नाही’ असं होतं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. वर्डमधून कॉपी केलेले वाकडे अवतरणचिन्ह तर अजिबात चालत नाहीत, त्या फाइलमध्ये सरळच लागतात, नाहीतर अख्खी साइट पांढरी पडते. फाइल उघडण्याआधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

हाताने फाइल बदलायची भीती वाटत असेल तर ‘ओसीसी’ नावाचं नेक्स्टक्लाउडचं स्वतःचं कमांडचं साधन आहे, त्यातून ‘कॉन्फिग:सिस्टम:सेट’ वापरून तीच ओळ घालता येते, स्वल्पविरामाची चूक होत नाही. उबंटूच्या स्नॅप पॅकेजमधून टाकलं असेल तर तेच ‘नेक्स्टक्लाउड.ओसीसी’ म्हणून चालवायचं. मी तरी ज्यांना कोडची सवय नाही त्यांना हाच मार्ग सांगतो.

काल चालत होतं, रात्री लाइट गेली, सकाळपासून नाही.

बहुतेक राउटर परत चालू झाला आणि त्याने सर्व्हरला नवा नंबर वाटला. राउटर नंबर वाटतो ते उसने वाटतो, कायमचे नाही. उपाय राउटरमध्येच करायचा, ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीतरी पान असतं, तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) आणि हवा तो नंबर जोडून द्यायचा. सर्व्हर वायरने जोडलेला असेल तर वायरचा मॅक टाका, वाय-फायचा वेगळा असतो.

सर्व्हरवर जाऊन हाताने कायमचा नंबर दिला तरी चालतो, पण मग तो राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा घ्या, नाहीतर कधीतरी तोच नंबर राउटर कोणाच्या तरी फोनला देऊन टाकेल आणि दोघांचंही चालेल-बंद होईल-चालेल असं सुरू होईल, आणि ते शोधणं फार त्रासाचं आहे.

सर्व्हरचा नंबर १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही. केबल बघा.

फायरवॉल बंदच करून टाकला तर?

नको. आतल्या नेटवर्कवर शाळेतल्या पोरांचे फोन असतात, पाहुण्यांचे लॅपटॉप असतात, सगळेच स्वच्छ असतात असं नाही. दोनच पोर्ट उघडायचेत, ८० आणि ४४३. उबंटूवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल असेल तर हे दोन ‘अलाव’ करा, झालं. विंडोजच्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन वगैरे करून चालवत असाल तर ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून लावलंय का बघा, ‘पब्लिक’ असेल तर विंडोज आत येणाऱ्यांना अडवतो.

डॉकरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यूत बंद दिसतंय म्हणून डेटाबेसचं पोर्ट उघडं टाकून बसू नका.

ऑफिसच्या खोलीत चालतं, पण सभागृहात किंवा माडीवर गेलं की नाही. वाय-फायच्या कांड्या तर फुल्ल आहेत.

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो आणि त्याचं कारण आपली घरं. जुन्या चिऱ्याच्या जाड भिंती, वाय-फाय दुसऱ्या खोलीत जात नाही, मग कोणीतरी बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या ‘वॅन’ पोर्टात, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची तार लावायच्या भोकात, खुपसतो. इंटरनेट चालतं, सगळे खूश. पण त्या क्षणी दोन वेगळी नेटवर्कं तयार झालेली असतात. पहिल्यात समजा नंबर १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्यात १९२.१६८.० ने. सर्व्हर कुठल्या बाजूला आहे त्यावर कोणाला दिसणार आणि कोणाला नाही ते ठरतं.

दुसऱ्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा. नसेल तर असं करा, त्याचा डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटायचं काम, बंद करा, त्याला स्वतःला पहिल्याच्या पट्ट्यातला एक मोकळा नंबर द्या, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या कुठल्याही पोर्टात घाला. आता दोन्ही वाय-फाय एकाच नेटवर्कचे भाग झाले. हे होईपर्यंत नेक्स्टक्लाउडमध्ये काहीही बदललंत तरी फरक पडणार नाही.

आणि ‘गेस्ट’ वाय-फाय? त्यावरून आतला सर्व्हर दिसू नये अशीच त्याची रचना असते. पाहुण्यांसाठी ते बरोबर आहे, सदस्यांना मुख्य वाय-फायचा पासवर्ड द्या. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचं सेटिंग मुख्य वाय-फायवर चालू असेल तर तेही बंद करा.

नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही. नाव देता येईल?

येतं, आणि द्यावंच, कारण उद्या मशीन बदललं तरी नाव तेच राहतं. तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी म्हणजे ‘.लोकल’. लिनक्सवर ‘अवाही’ ही सेवा चालू असेल तर मशीनच्या नावापुढे .लोकल लावून ते सापडतं. आयफोन, मॅक, हल्लीचे विंडोज यांना कळतं, जुन्या अँड्रॉइडला कळत नाही, आणि आपल्याकडे जुने अँड्रॉइड बरेच आहेत म्हणून सगळा भार याच्यावर टाकू नये.

दुसरी, राउटरमध्ये किंवा पाय-होलसारख्या छोट्या डीएनएस सर्व्हरमध्ये (नावाचा नंबर करून देणारा) नाव नोंदवायचं. शेवट काय लावायचा? घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ हा शेवट २०१८ साली अधिकृतपणे राखून ठेवलाय आणि खाजगी वापरासाठी ‘.इंटर्नल’ २०२४ साली. मनाने ‘.कॉम’ किंवा ‘.गोवा’ जोडू नका. नाव दिलं की ते ट्रस्टेड डोमेन्समध्येही घालायचं, हे विसरलं जातं.

तिसरी, प्रत्येक संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये ओळ घालणं. चार संगणक असतील तर ठीक, फोनवर जमत नाही.

राउटरमध्ये नाव घातलं तरी एखाद्याच फोनवर उघडत नसेल तर त्या फोनचं ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा. तिथे बाहेरचा कुठलातरी पत्ता घातलेला असेल तर फोन तुमच्या राउटरला नाव विचारतच नाही. ब्राउझरमधल्या ‘सिक्युअर डीएनएस’चंही तसंच. आणि पत्ता टाकताना पुढे एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस पूर्ण लिहा, नुसतं नाव टाकलं की क्रोम शोधायला निघतो.

नेट गेलं की मोबाइलवर सर्व्हर पण जातो. सर्व्हर तर आतच आहे ना?

सर्व्हर आहे तिथेच असतो. पावसात फायबर तुटला, वाय-फाय चालू पण इंटरनेट नाही, की अँड्रॉइड ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ म्हणत गपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तिथून आतला नंबर दिसत नाही. ‘तरीही जोडलेले राहायचं का’ असं विचारतो तेव्हा हो म्हणा, किंवा तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा. ऐन जुलैत, बाहेरचं जग बंद असताना, तालमीला प्रॉम्प्टर टॅबवरून ताजी संहिता वाचतोय, हे आतल्या सर्व्हरचं खरं सुख आहे, तेव्हा सदस्यांना ही एक गोष्ट आधीच दाखवून ठेवा.

आयफोनवर नेक्स्टक्लाउडचं अॅप पहिल्यांदा उघडताना ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतं. ती नाकारली गेली असेल तर सेटिंगमध्ये जाऊन द्या.

‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं लाल पान येतं. साधं एचटीटीपीच ठेवू का?

दोन-तीन माणसं वायरने जोडलेली असतील तर चालून जाईल, पण मी ठेवणार नाही. पासवर्ड उघडा जातो हे एक. दुसरं म्हणजे ब्राउझर एचटीटीपीएस नसेल तर कॅमेरा आणि माइक देतच नाही, म्हणजे नेक्स्टक्लाउड टॉकवरून व्हिडिओ बैठक करायची असेल तर दुसरा मार्गच नाही.

स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावलं की ते लाल पान येतं, कारण ते कोणी दिलंय ते फोनला माहीत नाही. ‘पुढे जा’ म्हणायची सवय सदस्यांना लावू नका, तीच सवय उद्या खोट्या बँकेच्या पानावर नडते. ‘एमकेसर्ट’ या साधनाने आपलं मूळ सर्टिफिकेट बनवून ते प्रत्येक यंत्रावर बसवता येतं, थोडी यंत्रं असतील तर ठीक. संस्थेचं स्वतःचं खरं डोमेन नाव असेल तर सगळ्यात छान, लेट्स एन्क्रिप्ट फुकट सर्टिफिकेट देतं आणि डीएनएसमध्ये एक नोंद घालून मालकी सिद्ध करायची पद्धत वापरली तर सर्व्हर बाहेर उघडावा लागत नाही. ‘.लोकल’ किंवा ‘होम.आर्पा’साठी मात्र ते मिळत नाही. मुदत थोड्या महिन्यांची असते, नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेवा.

फाइली दिसतात, पण डॉक्युमेंट एकत्र उघडायला गेलं की नुसतं पांढरं पान.

वर्डसारखं डॉक्युमेंट एकत्र लिहायचं काम नेक्स्टक्लाउड स्वतः करत नाही, त्याच्या मागे कोलॅबोरा नाहीतर ओन्लीऑफिस हा दुसरा सर्व्हर असतो. म्हणजे इथे बोलणारे तिघं झाले, सदस्याचा ब्राउझर, नेक्स्टक्लाउड, आणि कोलॅबोरा. ब्राउझरला कोलॅबोरापर्यंत पोचता आलं पाहिजे, नेक्स्टक्लाउडलाही, आणि कोलॅबोराला उलट नेक्स्टक्लाउडकडे फाइल मागता आली पाहिजे. यातली एक जरी बाजू तुटली की पांढरं पान.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक परत तीच, सेटिंगमध्ये कोलॅबोराचा पत्ता ‘लोकलहोस्ट:९९८०’ असा टाकलेला. सर्व्हरवर बसून बघितलं तर चालतं, सदस्याचा ब्राउझर ९९८० स्वतःच्या फोनवर शोधतो. तिथे सगळ्यांना दिसणारं नाव घाला, पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा, आणि नेक्स्टक्लाउड एचटीटीपीएसवर असेल तर कोलॅबोराही एचटीटीपीएसवरच पाहिजे, नाहीतर ब्राउझर त्याला पानात बसू देत नाही. नेक्स्टक्लाउड ऑफिसच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूओपीआय’ची परवानगी यादी असते, तिथे कोलॅबोराच्या मशीनचा नंबर लागतो.

पाच-सात माणसांची मंडळी असेल तर माझा सल्ला, नेक्स्टक्लाउडच्या अॅप यादीतलं ‘बिल्ट-इन कोड सर्व्हर’ घ्या, ‘कोड’ म्हणजे इथे कोलॅबोराचीच एक आवृत्ती. थोडं हळू चालतं, पण नेक्स्टक्लाउडच्याच पत्त्यावरून जातं, वेगळं पोर्ट नाही, वेगळं सर्टिफिकेट नाही.

मराठीच्या चौकटी दिसतायत? पानाचं चित्र कोलॅबोरा सर्व्हरवर काढून पाठवतो, त्यामुळे फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर असून उपयोग नाही, सर्व्हरवर लागतो. नोटोचे किंवा लोहितचे देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर टाका आणि कोलॅबोरा परत चालू करा. मराठीच्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर ते वेगळं दुखणं, ती संहिता डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी वर्षानुवर्षं टाइप केलेल्या संहिता अशाच पडून आहेत कितीतरी मंडळींकडे, आणि त्या शोधता येत नाहीत, दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण करण्यासारखं आहे.

एकाच फाइलचं सिंक अडतं, बाकी सगळ्या जातात.

नाव बघा. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टममध्ये नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजून. नुसता ‘क्ष’ ९ बाइटचा आहे, क, हलन्त आणि ष. ‘नाट्यसंहिता’ ३३ बाइट. म्हणजे मराठीत साधारण ८५ चिन्हं झाली की संपलं, आणि ‘श्री देवस्थान वार्षिक उत्सव हिशेब अंतिम सुधारित’ असं करत करत लोक तिथपर्यंत सहज पोचतात. नाव छोटं करा, तारीख फोल्डरला द्या.

पासवर्ड बरोबर आहे तरी लॉगिनला सगळ्यांनाच वेळ लागतो.

चुकीचे पासवर्ड बरेच वेळा आले की नेक्स्टक्लाउड त्या पत्त्याला मुद्दाम थांबवतो. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (आलेल्या मागण्या घेऊन नेक्स्टक्लाउडकडे पाठवणारा मधला सर्व्हर) लावलेला असेल आणि ‘ट्रस्टेड प्रॉक्सीज’मध्ये त्याचा नंबर घातलेला नसेल तर सगळे सदस्य एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, मग एकाच्या फोनमधला जुना पासवर्ड सगळ्यांना नडतो. प्रॉक्सीचा नंबर घाला. आणि एकच खातं सगळ्यांनी वापरायचं असलं काही ठेवू नका, प्रत्येकाला वेगळं खातं, मग गट करून फोल्डर वाटा.

आमचे काही सदस्य मुंबईत, आखातात, बोटीवर आहेत. त्यांना कसं जोडायचं?

राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर जगाला दाखवायचा हा सल्ला सगळीकडे मिळतो. रोज लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर मी तो देणार नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी तो चालतही नाही, राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे ‘वॅन’चा नंबर बघा, तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या एनएटीच्या मागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच नंबर बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, पोर्ट उघडून काही होणार नाही.

व्हीपीएन घ्या, म्हणजे बाहेरच्या सदस्याला आतल्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित बोगदा. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, हलका आहे. वर सांगितलं तसं एनएटीच्या मागे असाल तर टेलस्केल घ्या, आतून ते वायरगार्डच आहे पण दोन्ही बाजूंची गाठ घालून द्यायचं काम तेच करतं. त्याचा नंबर १०० ने सुरू होतो, आणि हो, तो नंबर किंवा नाव पण ट्रस्टेड डोमेन्समध्ये घालायचं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

यूपीएस सर्व्हरला लावता तसा राउटरलाही लावा. सर्व्हर चालू आणि राउटर बंद म्हणजे कोणालाच काही नाही. मशीनच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘लाइट आल्यावर आपोआप सुरू’ अशा अर्थाचं सेटिंग असतं ते चालू करा, नाहीतर चवथीच्या सुटीत लाइट जाऊन आली की किल्ली असलेला माणूस येईपर्यंत सगळं बंद. विजा कडाडायला लागल्या की राउटरच्या मागची केबल काढा, वीज नुसती प्लगातून येते असं नाही, नेटवर्कच्या तारेतूनही येते.

रास्पबेरी पाय ४ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आणि नेट दोन्ही गेलं आणि फक्त लाइट आली तर त्याची वेळ मागे राहते, मग सर्टिफिकेट चुकीचं वाटतं, दोन टप्प्यांचं लॉगिन कोड घेत नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, आधी वेळ बघा.

बॅकअप आणि अपडेट?

तीन गोष्टी घ्यायच्या, डेटा फोल्डर, डेटाबेस, आणि कॉन्फिग फोल्डर. नुसता डेटा घेतलात तर फाइली वाचतील पण खाती, वाटलेले फोल्डर, शेअर सगळं जाईल. एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, दमट कपाटात नको. मोठी आवृत्ती एका वेळी एकच पायरी चढायची, मधली गाळता येत नाही.

सदस्य सोडून गेला की त्याचं खातं काढून टाकायचं ना?

लगेच नको. खातं डिलीट केलं की त्याच्या मालकीच्या फाइली जातात आणि त्याने बाकीच्यांना वाटलेलंही त्यांच्याकडून गायब होतं. आधी खातं ‘डिसेबल’ करा, म्हणजे त्याचं येणं बंद होतं. मग ‘ओसीसी’मधून ‘फाइल्स:ट्रान्सफर-ओनरशिप’ ही कमांड चालवून सगळं सचिवांच्या किंवा संस्थेच्या खात्याकडे वळवा, दोन-तीन जणांना आपापले फोल्डर उघडून बघायला सांगा, आणि मगच डिलीट. त्याच्या फोनमध्ये वाय-फायचा पासवर्ड अजून आहे, तोही त्याच दिवशी बदलून घ्या.